मायाळू एक की दोन?

माझ्या पीएचडीचं पहिलं वर्ष मायाळूच्या वेलानं खाल्लं, असं मी आता हसत सांगते. तेव्हा हसू येत नव्हतं. कोर्सवर्क संपवून, रात्री जागून सिनॉप्सिस लिहून मी आरआरसीसमोर उभी होते. विषय होता मायाळूतली रंगद्रव्यं. पहिल्याच स्लाइडवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘बासेला आल्बा आणि बासेला रुब्रा या दोन जातींचा तुलनात्मक अभ्यास’. डावीकडे हिरव्या देठाच्या वेलाचा फोटो, उजवीकडे लाल देठाच्या. सहा महिन्यांची आकडेवारी, ग्राफ, टी-टेस्ट, सगळं जागच्या जागी. पाचव्या स्लाइडला समितीतल्या एका ज्येष्ठ मॅडमनी मला थांबवलं आणि विचारलं, “या दोन वेगळ्या जाती आहेत हे कुणी ठरवलं?”

मी म्हणाले, “मॅडम, एकीचा देठ लाल आहे.”

“मग लाल मुळा आणि पांढरा मुळा याही दोन जाती का?”

पुढचं सगळं आता अंधूक आठवतं. माझे गाईड खिडकीबाहेर बघत होते, एवढं मात्र नक्की आठवतं. निकाल असा लागला की जातींचा प्रश्न सोडवून सहा महिन्यांनी परत या. (ज्यांचा जीवशास्त्राशी संबंध सुटलाय त्यांच्यासाठी: जाती म्हणजे स्पीशीज, प्रजाती म्हणजे जीनस. वर्तमानपत्रांत हे दोन शब्द उलटसुलट वापरतात, तुम्ही थिसिसमध्ये तसं करू नका.)

त्या सहा महिन्यांत मी एकही एक्स्ट्रॅक्ट काढलं नाही. फक्त जुनी पुस्तकं वाचली. जे सापडलं ते आज लिहितेय, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या सिनॉप्सिसमध्ये एखादं लॅटिन नाव असंच, कुणाच्या तरी पेपरमधून उचललेलं, आरामात बसलेलं असणार.

आधी भाजीची ओळख. मायाळू म्हणजे तोच, कुंपणावर किंवा बाल्कनीच्या जाळीवर चढणारा, जाड, गुळगुळीत, मांसल पानांचा वेल. पावसाळ्यात त्याच्या पानांची भजी होतात, मुगाच्या डाळीत पातळ भाजी होते. पान चुरडलं की बोटांना बुळबुळीत लागतं. फुलं इतकी लहान असतात की कळी आहे की उमललंय ते कळत नाही, आणि खरंच ती नीट उमलतच नाहीत. मग त्याजागी वाटाण्याएवढी जांभळी-काळी फळं लागतात. लहानपणी ही फळं फोडून आम्ही वहीत ‘शाईनं’ लिहायचो आणि मार खायचो. या फळाची एक गंमत आहे. त्यातला रसाळ भाग हा खऱ्या अर्थानं फळाचा नाहीच. फुलाचीच दलं फुगून, मांसल होऊन आतल्या बियाळ फळाला वेढून बसतात. म्हणजे आपण ज्याला फळ म्हणतो ते न उमललेलं फूलच असतं.

आमच्या सातारकडच्या घरात हिला मायाळूच म्हणतात. माझी मावशी गोव्यात दिलेली, तिच्याकडे हीच ‘वालची भाजी’. पहिल्यांदा फोनवर “वाल केलेत” ऐकलं तेव्हा मला बिरडं डोळ्यांपुढे आलं होतं. जुन्या याद्यांत वेलबोंडी हेही मराठी नाव दिसतं. हिंदीत पोई, बंगालीत पुई, कन्नड आणि तुळूत बसळे. हे शेवटचं नाव लक्षात ठेवा, त्याचं पुढे काम आहे.

पान क्रमांक २७२

वनस्पतींची आजची द्विनाम पद्धत १ मे १७५३ पासून सुरू झाली असं धरलं जातं. त्या दिवशी कार्ल लिनियस यांचा ‘स्पीशीज प्लांटारम’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला असं मानायचं, हे सगळ्यांनी मिळून ठरवलेलं आहे. त्यातल्या २७२ व्या पानावर बासेला आहे. एकाच पानावर दोन जाती: रुब्रा, म्हणजे लाल, आणि आल्बा, म्हणजे पांढरी. हे पान आज स्कॅन होऊन नेटवर फुकट उपलब्ध आहे, मोबाइलवरही दिसतं. मी मात्र ते न बघता सहा महिने ‘रुब्रा लिन.’ असं लिहीत होते. त्या ‘लिन.’चा अर्थ असा की मी लिनियसचा हवाला देतेय. मी त्याचं पानही उघडलं नव्हतं.

उघडलं तेव्हा पहिला धक्का बसला. लिनियसनं या दोन जाती ज्या ओळींत वेगळ्या केल्या आहेत, त्या ओळींत रंग नाहीच. रुब्राची खूण म्हणून त्यानं सांगितलंय की पानं सपाट आणि फुलांचे दांडे साधे, न फाटलेले. आल्बाची खूण म्हणजे पानांची कड लहरदार आणि फुलांचे दांडे पानापेक्षा लांब. झालं, एवढंच. लाल आणि पांढरी हे शब्द फक्त नावात आहेत, व्याख्येत नाहीत.

लॅटिन माझं कच्चं आहे, त्यामुळे आधी वाटलं माझंच काही चुकतंय. आमच्या विभागातल्या एका वर्गीकरणवाल्या सिनियरला विचारलं. तो म्हणाला, “त्या काळात नाव आणि व्याख्या या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. जातीचं खरं नाव म्हणजे ती अख्खी ओळ. ‘रुब्रा’ हे लक्षात ठेवायला लावलेलं लेबल.” हे अगदी खरं आहे. आज आपण जे दोन शब्दांचं नाव सर्वस्व मानतो, ते लिनियसच्या दृष्टीनं सोयीचं टोपणनाव होतं. पुढे टोपणनाव टिकलं आणि ओळ विसरली गेली.

आणखी पुढचं वाचलं तेव्हा तर डोक्याला हात लावला. १७५१ मध्ये, म्हणजे फक्त दोन वर्षं आधी, याच माणसानं ‘फिलॉसॉफिया बोटॅनिका’मध्ये विद्यार्थ्यांना बजावून ठेवलंय की रंगावर फार भिस्त ठेवू नका, एकाच जातीत रंग वाटेल तसे खेळ करतो, म्हणून जाती वेगळ्या करताना तो जमेस धरायचा नाही. आरआरसीतल्या मॅडमनी मला जे मुळ्यावरून समजावलं, ते लिनियस अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी सांगून बसला होता. स्वतः मात्र नावं ठेवताना त्यानं रंगच वापरला. आणि लोकांनी नाव वाचलं, ओळ वाचली नाही.

मग मी माझ्या कुंड्यांकडे गेले. लाल देठाच्या वेलावर लहरदार पानं होती. हिरव्या देठाच्या वेलावर खालची, सावलीतली पानं चक्क सपाट होती आणि वरची लहरदार. म्हणजे लिनियसच्या खुणेनं बघितलं तर एकाच कुंडीत, एकाच वेलावर, दोन्ही जाती! ‘पांढऱ्या’ म्हणून विकत घेतलेल्या पुडीतल्या बियांतून दोन रोपं तांबूस देठाची निघाली होती, तीही मी तेव्हा ‘मिसळ झाली असेल’ म्हणून उपटून टाकली होती. मिसळ झालीही असेल, बियांच्या पुडीचा काय भरवसा. पण आपल्या गृहीतकाविरुद्ध जाणारी रोपं नोंद न करता उपटली, हे काही बरं केलं नाही. आणि एक गोष्ट रोज डोळ्यांसमोर असून दिसली नव्हती: ‘पांढऱ्या’ मायाळूचीही फळं पिकल्यावर जांभळी-काळीच होतात.

कोचीचे तीन कोंकणी

लिनियस कधी भारतात आला नाही. मग त्याच्याकडे बासेला हे नाव कुठून आलं? ‘बासेला’ ऐकायला पक्कं लॅटिन वाटतं, शेवटी ‘एला’ असल्यामुळे. मीही तसंच समजत होते. पण ते लॅटिन नाहीच. ते आपलं ‘बसळे’ आहे. मल्याळममध्ये या भाजीला वशळच्चीरा म्हणतात (चीरा म्हणजे पालेभाजी), आणि त्या किनाऱ्यावरचं हे नाव एका डच अधिकाऱ्याच्या ग्रंथातून युरोपात पोचलं.

हा अधिकारी म्हणजे हेंड्रिक व्हान रीड. १६७० च्या दशकात तो कोचीत डच कंपनीचा मलबारचा कमांडर होता. त्याला मलबारच्या वनस्पतींचा ग्रंथ करायचा होता. त्यात ज्ञानाची ओढ होतीच, पण कंपनीतलं राजकारणही होतं: श्रीलंकेला महत्त्व द्यायचं की मलबारला, यावर डच अधिकाऱ्यांत चुरस होती आणि मलबारची संपत्ती कागदावर दाखवून देणं रीडच्या पथ्यावर पडणारं होतं. शिवाय कंपनीच्या माणसांना लागणारी औषधं युरोपातून आणण्यापेक्षा इथंच मिळाली तर हवीच होती. (संशोधनाला फंडिंग का मिळतं, याचं उत्तर तेव्हाही आजच्यासारखंच होतं.) ‘हॉर्टस मलबारिकस’ या नावानं हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅममध्ये १२ खंडांत छापला गेला. सुमारे ७४० वनस्पती, आणि पानभर मोठी ताम्रपटावरची चित्रं. बासेला सातव्या खंडात आहे. शेवटचा खंड निघाला तेव्हा रीड हयात नव्हता. १६९१ मध्ये कोचीहून सुरतेला जाताना जहाजावरच तो वारला. त्याची भलीमोठी कबर सुरतेच्या डच दफनभूमीत आहे.

पण ज्ञान रीडचं नव्हतं. मुख्य माहिती दिली इट्टी अच्युतन या वैद्यानं. तो एळवा समाजातला, घरात पिढीजात ताडपत्रावरचं वनस्पतींचं ज्ञान असलेला. त्याच्याबरोबर होते तीन कोंकणी ब्राह्मण: रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट. पोर्तुगीज राजवटीच्या काळात गोव्यातून दक्षिणेकडे सरकलेल्या सारस्वत घराण्यांची कोचीत मोठी वस्ती झाली होती, त्यातले हे तिघे. पहिल्या खंडाच्या सुरुवातीला या तिघांचं एक प्रमाणपत्र छापलंय, तारीख एप्रिल १६७५ ची. सकाळ-संध्याकाळ बसून, दोन वर्षं, वनस्पती ओळखून दिल्या असं त्यात लिहिलंय. भाषा कोंकणी आणि लिपी देवनागरी. युरोपात छापील रूपात आलेल्या देवनागरीच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांपैकी हा एक आहे. ग्रंथातल्या अनेक चित्रांवरही वनस्पतींची नावं रोमन, मल्याळम, अरबी आणि देवनागरी अशी चारही लिप्यांत कोरलेली आहेत.

ते पान पहिल्यांदा स्क्रीनवर मोठं करून बघितलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. सतराव्या शतकातल्या डच ग्रंथात आपली अक्षरं! तो मजकूर मला अडखळत का होईना, वाचता येत होता. बाजूचं लॅटिन येत नव्हतं. मी मावशीला फोटो पाठवला. तिचं सकाळी उत्तर आलं, “यांच्याकडे वालची भाजी आंबट करीत असतील.” कोचीपासून मंगळूरपर्यंतच्या सारस्वत घरांत ‘वाळी भाजी आंबट’ आजही होतं, त्यामुळे मावशीचा अंदाज अगदीच हवेतला नाही. पण अंदाज तो अंदाज, थिसिसमध्ये नाही जाणार.

लिनियसनं हा ग्रंथ बारकाईनं वापरला. वनस्पतींच्या बाबतीत ज्या मोजक्या ग्रंथांवर आपण विसंबतो त्यांत हॉर्टस मलबारिकस आहे, असं त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. म्हणजे साखळी अशी झाली: इट्टी अच्युतन आणि तिघा कोंकणींनी ओळखलेली, तिथल्या लोकांच्या तोंडी ‘बसळ’ असलेली भाजी, रीडच्या चित्रकारांनी काढलेलं तिचं चित्र, त्यावरून लिनियसनं उचललेलं नाव, आणि साडेतीनशे वर्षांनी माझ्या स्लाइडवर. मधल्या काळात के. एस. मणिलाल यांनी आयुष्यातली कित्येक वर्षं खर्ची घालून हा अख्खा लॅटिन ग्रंथ इंग्रजीत आणला. केरळ विद्यापीठानं तो २००३ मध्ये प्रसिद्ध केला, नंतर मल्याळममध्येही आला. तुमच्या विद्यापीठाच्या लायब्ररीत असेल तर एकदा हातात घेऊन बघा.

एक गंमत सांगायची राहिली. रीडच्या ग्रंथामुळे युरोपात मलबार आणि ही भाजी यांची सांगड बसली. जुन्या इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत हिचं नाव ‘मलबार नाइटशेड’ असं येतं, आता ‘मलबार स्पिनॅच’. ही ना नाइटशेड, म्हणजे कांगणीच्या कुळातली, ना पालक. आणि मलबारचीच म्हणावी तर तेही ठामपणे म्हणता येत नाही. बासेला प्रजातीत आज पाच जाती मानतात, त्यातली आपली एक सोडली तर बाकीच्या पूर्व आफ्रिका आणि मादागास्करमधल्या आहेत. लागवड इतकी जुनी आणि इतकी सर्वदूर आहे की मूळ रानवेल नेमका कुठला, हे आशियातल्या कुठल्याही एका गावावर बोट ठेवून सांगणं अवघड. ‘मलबार’ हा पत्ता वनस्पतीचा नाही, पुस्तकाचा आहे.

‘आयुर्वेदात हजारो वर्षांपासून’

प्रस्तावनेत हे वाक्य नसलेला औषधी वनस्पतींवरचा थिसिस मी अजून बघितलेला नाही. माझ्याही सिनॉप्सिसमध्ये होतं. समितीनं ते विचारलं नाही हे नशीब.

मायाळूच्या बाबतीत आधार तसा बरा आहे. चरकसंहितेत शाकवर्गात उपोदिका येते: चवीला मधुर, स्निग्ध, थंड, पोट साफ करणारी, कफ वाढवणारी, आणि मद उतरवणारी. तिळाच्या कल्काबरोबर शिजवलेली उपोदिका खाल्ली तर जुलाब होतात, असा इशाराही त्याच संहितेत आहे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात पोतकी आणि उपोदिका ही एकाच भाजीची नावं म्हणून येतात. पोतकीपासून पोई आणि पुईपर्यंतचा रस्ता कानालाही पटतो. म्हणून उपोदिका म्हणजे मायाळू, हे समीकरण बऱ्यापैकी भक्कम आहे.

पण इथूनच एक घसरडा उतार सुरू होतो. वैदिक यज्ञात सोम मिळाला नाही तर त्याऐवजी ‘पूतीक’ वापरावा असं सांगितलंय. पूतीक, पूतिका, पुई... लगेच मोह होतो ना? मलाही झाला. ‘सोमाला पर्याय असलेली वनस्पती’ अशी ओळ प्रस्तावनेत कसली शोभली असती! पण पूतीक म्हणजे काय यावर विद्वानांचं एकमत नाही. कुणी मायाळू म्हणतं, कुणी सागरगोटा, आणि स्टेला क्रॅमरिश यांनी १९७५ मध्ये एका सविस्तर लेखात ती चक्क अळंबी असल्याचं मांडलं. एक ध्वनी जुळला म्हणून तीन हजार वर्षं मागे उडी मारायची नाही. बंगालमध्ये द्वादशीला पुई खायची नाही असा पंचांगातला निषेध आहे. तिथल्या यादीत ही भाजी ‘पूतिका’ म्हणूनच येते, आणि ती नक्की मायाळू आहे, कारण तिथले लोक ती ओळखतात आणि त्या दिवशी खरंच टाळतात. फरक इथे आहे: एका ठिकाणी नावामागे न तुटलेली वापराची परंपरा आहे, दुसऱ्या ठिकाणी नुसता शब्द.

माझ्या विषयाला सगळ्यात जवळचा जुना पुरावा मात्र भारतातला नव्हता. चीनमधले वैद्यकलेखक ताओ होंगचिंग (४५६–५३६) यांनी या भाजीबद्दल लिहिलंय की ती घरोघरी लावतात, प्रकृतीनं थंड आणि बुळबुळीत आहे, आणि तिच्या जांभळ्या फळांत पावडर भिजवून बायका चेहऱ्याला लावतात. चिनी भाषेत तिला आजही ‘लालीची भाजी’ अशा अर्थाचं एक नाव आहे. चरकाचं ‘स्निग्ध, थंड’ आणि यांचं ‘थंड, बुळबुळीत’ बघून माझ्या अंगावर काटा आला होता. गाईड शांतपणे म्हणाले, “अगं, पान चुरडून बघणारा कुणीही बुळबुळीतच म्हणेल.” बरोबरच आहे. पण फळाच्या रंगाचा वापर कुणीतरी दीड हजार वर्षांपूर्वी नोंदवून ठेवलाय, ही गोष्ट माझ्या कामाची होती.

तो रंग काय आहे, याचाही इतिहास नावांच्या घोळाचाच आहे. जांभळा रस दिसला की आपण ॲन्थोसायनिन म्हणून मोकळे होतो. जांभूळ, वांगं, कोकम, सगळीकडे तेच असतं. मायाळूत नसतं. बीट, राजगिरा, मायाळू, निवडुंग या गोतावळ्यात बीटालेन नावाची वेगळी रंगद्रव्यं असतात, आणि आजवर एकाही वनस्पतीत दोन्ही गट नैसर्गिकरीत्या एकत्र सापडलेले नाहीत. मायाळूच्या फळातलं मुख्य रंगद्रव्य गोम्फ्रेनिन-१. बीटमधलं बीटानिन स्फटिकरूपात मिळालं १९५७ मध्ये, आणि बीटालेन हे नाव मॅब्री आणि ड्रायडिंग यांनी सुचवलं १९६८ मध्ये. त्याआधीच्या लेखनात याच रंगाला ‘नायट्रोजनयुक्त ॲन्थोसायनिन’ म्हणत. म्हणजे जुन्या पेपरमध्ये ॲन्थोसायनिन वाचलं तर लेखक चुकलाय असं समजू नका, त्याच्या काळात वेगळा शब्दच नव्हता. २०१५ नंतरच्या पेपरमध्ये वाचलं तर मात्र शंका घ्या. घरी तपासायचं असेल तर रसात धुण्याचा सोडा टाका: जांभळाचा रस निळा-हिरवा होईल, मायाळूचा हळूहळू पिवळ्याकडे झुकेल.

आता मूळ प्रश्न. जाती एक की दोन? लिनियसनंतर लोकांनी दोनावरही थांबायचं नाव घेतलं नाही. त्यानंच पुढे लुसिडा वाढवली, लामार्कनं कॉर्डिफोलिया. भाजी एकच, पण बागेत जेवढे वाण तेवढ्या जाती. मग उलटा प्रवास सुरू झाला. १८८० च्या दशकात जोसेफ हूकर यांच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’मध्ये हे सगळे एकत्र करून बासेला रुब्रा या एकाच नावाखाली घातलेले दिसतात. आजच्या जागतिक याद्यांतही जाती एकच आहे, पण नाव बासेला आल्बा. हा काय प्रकार? नेहमी आधीचं नाव जिंकतं, पण इथे दोन्ही नावं एकाच दिवशी, एकाच पानावर जन्मलेली. अशा वेळी नियम असा की जो पहिल्यांदा दोन्ही एकत्र करेल, त्यानं निवडलेलं नाव पुढच्यांनी वापरायचं. नावांच्या नियमांत वरच्या ओळीला मान नाही.

हूकरच्या ग्रंथाचा प्रभाव भारतात इतका खोल आहे की आपल्याकडच्या कितीतरी पेपरमध्ये अजूनही रुब्रा लिहितात. काही जण ते लाल वाणासाठी लिहितात, काही जण सगळ्या मायाळूसाठी. त्यामुळे गुगल स्कॉलरवर फक्त ‘बासेला आल्बा’ शोधलं तर अर्धं भारतीय काम हाती लागत नाही. मला तसंच झालं होतं. दुसऱ्यांदा मी आल्बा, रुब्रा, कॉर्डिफोलिया, लुसिडा, मलबार स्पिनॅच, मलबार नाइटशेड, इंडियन स्पिनॅच, सिलोन स्पिनॅच, पोई, बसळे, सगळं टाकून शोधलं. माझ्या रंगद्रव्यांवरचा एक महत्त्वाचा पेपर रुब्राखाली बसला होता. तो आधी मिळाला असता तर दोन महिन्यांचं काम वाचलं असतं.

सहा महिन्यांनी पुन्हा आरआरसी झाली. शीर्षकातून ‘दोन जातींचा’ गेलं आणि ‘बासेला आल्बाच्या हिरव्या व लाल देठाच्या वाणांमधील’ असं आलं. तीच आकडेवारी, तेच ग्राफ, पण आता तुलना एकाच जातीतल्या वाणांची असल्यामुळे नमुने पुरेनात. एकेका वाणाचे बी वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा करावं लागलं: सातारा, कोल्हापूर, फोंडा, कारवार. मॅडमनी या वेळी एकच प्रश्न विचारला, “व्हाउचर स्पेसिमेन कुठे आहेत?”

होते. प्रत्येक ठिकाणचा एक वेल फुलाफळांसकट दाबून, वाळवून, शीटवर शिवलेला. ही पानं वाळायला किती दिवस लागतात हे ज्यानं केलंय त्यालाच माहीत. आतल्या बुळबुळीत रसामुळे ती कागदाला चिकटतात आणि रोज कागद बदलला नाही तर काळी पडतात. लेबलवर लॅटिन नाव, ठिकाण, तारीख, देठाचा रंग (वाळल्यावर तो टिकत नाही, म्हणून ताज्याचा लिहून ठेवायचा), पानाची कड सपाट की लहरदार, आणि ज्या घरातून वेल घेतला त्या घरातलं नाव. फोंड्याच्या शीटवर मी ‘वाल’ लिहिलंय, देवनागरीतच.